तुमचं सावकाश

सुजाता माणसांच्या मागून चालायची. पाठलाग करायची असं नाही. थोडं अंतर ठेवून, पुढचा जसा चालतोय तशीच ती चालायची. आमचा शिपाई परसू टाचा घासत चालतो, तर ही त्याच्या मागून टाचा घासत. ग्रंथालयातल्या बाई पर्स काखेत दाबून, एक खांदा वर उचलून चालायच्या, तर हिचाही खांदा वर, आणि काखेत नसलेली पर्स दाबलेली. नक्कल म्हणावी तर चेहऱ्यावर हसू नसायचं. दुसऱ्याच्या डोक्यावरचं ओझं घटकाभर आपल्या डोक्यावर घेऊन बघावं, तसा गंभीर चेहरा. व्हरांड्यातली मुलं खिदळायची. तिचं तिकडे लक्ष नसायचं.

माझी तिची ओळख अशीच झाली. जिना चढताना मागून माझ्याच चपलांचा आवाज यायला लागला. वळून बघितलं तर एक सावळी, किडकिडीत मुलगी. पाठीवर तिच्याहून रुंद सॅक.

"काय गं?"

"काय न्हाय सर. तुमची चाल बगत होते."

"मग? सापडली?"

"न्हाय." तिने प्रामाणिकपणे मान हलवली. "मगाशी परसूमामासंगट येत होता, तवा परसूमामागत चालत होता. गेटापाशी अण्णा भेटलं, तर लगीच अण्णांगत चालाय लागला. तुमचं सोताचं कुठं दिसंना झालंय."

कॉलेज सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता. मी हसलो आणि पहिल्या वर्षाचा वर्ग कुठल्या बाजूला आहे ते दाखवून तिला वाटेला लावलं. घरी गेल्यावर मात्र गॅलरीत उगीच येरझाऱ्या घातल्या. बायकोने विचारलं, पोट बिघडलंय का.

बेळगावात ॲनिमेशनची पदवी मिळते हे अजून बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. सांबऱ्याच्या रस्त्याला अण्णांच्या संस्थेची इमारत आहे. खाली कॉमर्स, वर ॲनिमेशन. अण्णा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. त्यांना सगळेच अण्णा म्हणतात, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेही. मी तिथे हाताने काढायचं ॲनिमेशन शिकवतो. कागद, पेन्सिल आणि खालून दिवा लावलेली काच. एक चित्र काढायचं, त्यावर दुसरा कागद ठेवून तेच चित्र जरासं सरकवून काढायचं, मग त्यावर तिसरा. मुलांना पहिल्या दिवसापासून कॉम्प्युटर हवा असतो. कागद ही त्यांना शिक्षा वाटते. सुजाताला कागद पुरायचा नाही.

ती निपाणीची. आईने तंबाखूच्या वखारीत पाट्या वाहिल्या, पाय अधू झाल्यावर घरी बसून विड्या वळल्या. वडील लवकर गेले. मामा शिकून बँकेत अधिकारी झाले होते, बेळगावात त्यांचा फ्लॅट होता. फी तेच भरायचे आणि टोमणेही तेच मारायचे. सुजाता त्यांच्याच घुसमटलेल्या आवाजात सांगायची, "आम्ही शिकून डोक्यावरची पाटी खाली ठेवली, आणि तू शिकून पाटीचीच चित्रं काढतीयास होय?" मग स्वतःच्या आवाजात पुढे म्हणायची, "काढणार की. पाटी कुणी ठेवली डोक्यावर, त्येबी काढणार."

राग ती विसरायची नाही. घाईही करायची नाही. वर्गात कुणी आगाऊपणा केला की शांतपणे म्हणायची, "पाय काढीन हां तुजं." पाय काढीन म्हणजे तुझी चाल चित्रात उतरवीन. ऐकणाऱ्याला पहिल्यांदा हसू यायचं. दुसऱ्यांदा येत नसे, कारण तोवर त्याने मालकीणबाईंची गोष्ट ऐकलेली असायची.

मामीशी पटेना म्हणून सुजाता टिळकवाडीत खोली बघायला गेली होती. मालकीणबाईंनी चहा दिला, नळाची वेळ सांगितली, कपडे कुठल्या तारेवर वाळत घालायचे तेही सांगितलं, आणि सगळं ठरल्यावर आडनाव विचारलं. आडनाव ऐकून त्यांना आठवलं की खोली कालच दुसऱ्या कुणाला दिली आहे. सुजाता उठली. फाटकापाशी चप्पल घालताना वळून बघितलं, तर बाई तिने प्यायलेला कप दोन बोटांत धरून, अंगापासून लांब ठेवत आत नेत होत्या.

तेवढंच तिने काढलं. पत्त्यांएवढी पानं, एका बाजूला चिमटा. अंगठ्याने भरभर सोडली की बाई कप घेऊन आत जायच्या. चेहरा नव्हताच. पाठ, साडीचा घोळ, कोपर आणि तो कप.

पक्कं करण्याआधी तिने ते मला तपासायला आणलं. "सर, हितं हात जास्त लांब गेलाय काय?"

"हात बरोबर आहे. मनगट अजून ताठ हवं. आणि मान कपाकडे नको, दुसरीकडे वळलेली पाहिजे."

चूक दिसली की शिक्षकाचा हात जातोच. मी पेन्सिल घेऊन मनगट काढूनही दिलं. तिने एकदा कागदाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"तुमी बगितलंय व्हय असं कुणाला?"

मी पेन्सिल खाली ठेवली. आमच्या घरी मोरीजवळच्या फळीवर एक वेगळी कपबशी असायची, आणि मी काढलेलं ते मनगट माझ्या आईचं होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

"हे लावणार कुठे? नोटीस बोर्डावर?" मी विषय बदलला.

"लोकास्नी कशाला दावायचं? लोक हसत्यात आणि इसरत्यात. ज्याचं त्याला द्यायचं."

ही तिची पद्धत. ते फ्लिपबुक ती बाईंच्या टपालपेटीत टाकून आली. खाली नाव नाही, गाव नाही. पुढे कधीतरी बाजारात बाई तिच्या समोर आल्या. तिला बघून जागच्या जागी थांबल्या आणि ती नजरेआड होईपर्यंत एकाच ढिगातल्या भेंड्या निवडत राहिल्या. "बगा सर, चालायचं इसरल्या," सुजाता म्हणाली. तिच्या आवाजातला आनंद काही चांगला नव्हता. मला तो फार आवडला.

आणखी एक प्रसंग सांगतो, कारण त्याचं पुढे काम आहे. मी वर्गात 'होल्ड' शिकवत होतो. चित्रातला माणूस नुसता उभा असतो, काही करत नाही, त्याला आमच्याकडे होल्ड म्हणतात. मुलांना वाटतं सोपं आहे, एकच चित्र ठेवून दिलं की झालं. तसं केलं तर तो माणूस मेल्यासारखा दिसतो. म्हणून तेच चित्र पुन्हा पुन्हा हाताने काढायचं. कितीही जपलं तरी दर वेळी रेघ केसभर हलते, आणि पानं सोडल्यावर उभा माणूस आतून थरथरतो. जिवंत वाटतो.

"म्हंजी नुसतं उभं राहायलाबी काम लागतंय म्हना की," सुजाता मागच्या बाकावरून म्हणाली.

वर्ग हसला. मीही हसलो.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाने एक छोटी फिल्म करायची असते. वार्षिक प्रदर्शनात ती दाखवतात. त्या वर्षी बेंगळूरच्या एका स्टुडिओचे लोक बघायला येणार होते आणि एका विद्यार्थ्याला नोकरीवर घेणार होते. एकालाच. आमच्या कॉलेजात असं कधी झालं नव्हतं. सुजाताला ती जागा हवी होती. आईच्या विड्या बंद करायच्या आहेत, एवढंच ती म्हणायची.

तिच्या फिल्ममध्ये एक बाई डोक्यावर पाटी घेऊन चालत राहते. मागच्या भिंती सरकतात, दुकानांच्या पाट्या आधी मराठी, मग कानडी, मग दोन्ही, मग कुणीतरी डांबर फासलेल्या. बाई चालतच असते. बस. पण ती चाल. मान दगडासारखी स्थिर, सगळी हालचाल कमरेखाली. आणि डावा पाय टेकण्याआधी किंचित हवेत थांबायचा, जमिनीला विचारून मग टेकल्यासारखा. आठवडेच्या आठवडे ती त्या एका पायावर बसली होती. माझ्या समोर बसून, माझ्या टेबलावर, माझ्या दिव्यावर.

तिच्याकडे चांगला कॉम्प्युटर नव्हता. कागदावरचं काम स्कॅन करून जोडायला तिने प्रतीकचा लॅपटॉप वापरला. प्रतीक अण्णांचा पुतण्या, तिच्याच वर्गातला. तो वाईट मुलगा नव्हता, हे लिहिताना मला बरं वाटत नाही. लॅपटॉप द्यायचा, डबा द्यायचा, पावसात मुलींना गाडीतून स्टँडवर सोडायचा. त्याला काही येत नव्हतं, एवढंच. त्याची फिल्म झाली नाही. प्रदर्शन जवळ आलं तेव्हा छापलेल्या पत्रिकेत पाटीवाल्या बाईची फिल्म त्याच्या नावावर होती. खाली बारीक अक्षरात 'साहाय्य: सुजाता'.

पत्रिका यायच्या आधी परसू माझ्याकडे आला होता. विभागातल्या कपाटाची चावी अण्णांनी मागितली आहे म्हणाला. त्या कपाटात सुजाताचे मूळ कागद होते, तिने दोरीने बांधून ठेवलेले, आणि मला ते माहीत होतं. मी चावी दिली. कशाला हवी, असं विचारलं नाही. परसू कानडीत "आयतु सर", म्हणजे बरं सर, म्हणाला आणि टाचा घासत गेला. दुसऱ्या दिवशी कपाट रिकामं होतं. वाळवी लागली म्हणून जुना कागद काढून टाकला, असं आम्हाला सांगण्यात आलं. आम्हाला म्हणजे मलासुद्धा, जणू मी ते ऐकून थक्क व्हायचं होतं. मी झालोही.

सुजाता सरळ अण्णांच्या केबिनमध्ये गेली. थोड्या वेळाने मला बोलावणं आलं. मी आत गेलो नाही, दारातच थांबलो, एक हात चौकटीला लावून. आत अण्णा, खाली मान घातलेला प्रतीक आणि ती.

"कागद होतं म्हणतीस, तर दाव की," अण्णा म्हणत होते. आवाजात राग नव्हता. पोरांची भांडणं सोडवणाऱ्या थोरल्या माणसाचा आवाज. "तुजं असलं तर तुजंच म्हणू की गं. आमाला काय करायचंय?"

"कपाटात होतं. चावी सरांकडं असतीया."

"बरं. मग सरांनाच विचारूया. कुलकर्णी सर, सगळ्या पोरांचं काम तुमच्या हाताखालनं जातंय. तुमी सांगा. ह्ये कुणाचं?"

सुजाताने वळून माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. उत्तर तिला माहीत होतं आणि मलाही ते माहीत आहे, हेही तिला माहीत होतं. त्याच महिन्यात मला नोकरीत कायम करायचं घाटत होतं. कित्येक वर्षं मी हंगामी होतो. दर जूनमध्ये अण्णांच्या केबिनबाहेर बाकावर बसायचो. ते बाक मला दारातून दिसत होतं.

"फाइल प्रतीकच्या लॅपटॉपवर आहे, अण्णा," मी म्हणालो. "तेवढं मी सांगू शकतो."

अण्णांनी समाधानाने हात पसरले. प्रतीकने मान आणखी खाली घातली. मी अजून दारातच होतो, त्यामुळे बाहेर पडताना तिला माझ्या अगदी जवळून जावं लागलं. व्हरांड्यात ती थांबली.

"तुमी खोटं न्हाय बोलला सर. त्येच लागलं मला."

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"ऱ्हाऊ द्या. अण्णांचं बगते मी आधी," ती म्हणाली. "तुमचं सावकाश."

प्रदर्शनाच्या दिवशी तिने आईला आणलं. हिरवी साडी, डोक्यावरून पदर, हातात पिशवी. आई हॉलमध्ये शेवटच्या रांगेत बसली. फिल्म दाखवायचं काम माझं होतं. मी स्टेजच्या कडेला लॅपटॉपपाशी उभा होतो. पाण्याचा जार आमच्याकडे नेहमी मागे दाराशी असतो. त्या दिवशी तो पुढे, पडद्याच्या खाली होता. सकाळीच परसूने तो उचलून तिथे ठेवला होता. कुणी सांगितलं, असं त्याला कुणी विचारलं नाही. मी विचारलं असतं तर त्याने सांगितलंही नसतं.

पाटीवाल्या बाईची फिल्म संपली तेव्हा टाळ्या पडल्या. शेवटी बाई नुसती चालत राहते, ते चालणं पडद्यावर पुन्हा पुन्हा फिरत होतं. स्टुडिओतून आलेल्या बाई पुढच्या रांगेतून उठल्या. त्यांनी प्रतीकला उभं केलं आणि विचारलं, "डावा पाय टेकण्याआधी थांबतो. का थांबतो?"

प्रतीकने पडद्याकडे बघितलं. त्याने ते पहिल्यांदाच बघितलं असावं. "स्टाइल आहे, मॅडम."

त्याच वेळी मागून आवाज आला. हॉलला ऐकू जाईल एवढा, पण ओरडून नव्हे.

"आये, ठसका लागलाय. पुढनं पाणी आण जा."

"तूच जा की गं. पाय दुखत्यात माजं."

"आये. जा."

सुजाताची आई उठली. कुरकुरत, खुर्च्यांना धरत मधल्या वाटेत आली आणि पुढे चालायला लागली. आयुष्यभर डोक्यावर पाटी वाहिलेल्या माणसाची मान पाटी नसली तरी हलत नाही. डावा पाय उचलला, हवेत थांबला, टेकला. वर पडद्यावर दुसऱ्या बाईनेही पाय उचलला, थांबवला, टेकला. आधी कुजबुज झाली, मग तीही थांबली. दोघी जणी चालत होत्या, एक खाली, एक वर.

अण्णांनी माझ्याकडे बघून हाताने खूण केली. बंद करा. माझं बोट त्या बटणावर होतं. मी दाबलं नाही. लोकांनी पुढे माझ्या धाडसाचं कौतुक केलं, म्हणून स्पष्टच सांगतो, त्यात धाडस नव्हतं. त्या दिवशीही मी काहीच केलं नाही. न करण्याचा फायदा त्या वेळी दुसऱ्या बाजूला झाला, इतकंच.

आईने पेला भरला, हॉल गप्प का झाला म्हणून वळून बघितलं आणि मग वर पडद्याकडे. बराच वेळ बघत राहिली. स्टुडिओच्या बाई तिच्याजवळ गेल्या आणि पायाला काय झालं, असं कानडीत विचारलं. आईने निम्मं कानडीत, निम्मं मराठीत सांगितलं की वखारीत पोतं पडलंतं, लई वर्सं झाली. मग पडद्याकडे बोट करून म्हणाली, "ती मी हाय काय? पाटी तेवढी वाकडी काडलिया पोरीनं." पेला घेऊन ती तशीच परत निघाली आणि सगळ्यांना ती चाल पुन्हा एकदा बघायला मिळाली. टाळी कुणी वाजवली नाही. प्रतीक बाजूच्या दाराने बाहेर गेला. अण्णा आधी बसून राहिले, मग कोटाची बटणं चाचपत उठले. मी त्यांच्याकडे बघितलं आणि मला बरं वाटलं. इतकं बरं, की माझं काय व्हायचं आहे हे मी काही वेळ विसरलो.

ती जागा सुजाताला मिळाली. जाण्याआधी तिने अण्णांचं फ्लिपबुक त्यांच्या टेबलावर ठेवलं. सभा सोडून, कोटाची बटणं चाचपत, भिंतीच्या कडेकडेने जाणारा माणूस. अण्णांनी ते कचऱ्याच्या टोपलीत टाकलं, परसूने टोपली रिकामी केली, आणि मग आठवडाभर कॅन्टीनमध्ये चहाबरोबर, हातोहाती फिरणाऱ्या त्या पानांत, अण्णा भिंतीच्या कडेने चालत होते. हे सुजाताला कळलं तेव्हा ती चिडली. "मी ज्याचं त्याला दिलंतं," म्हणाली. पण व्हायचं ते झालं होतं. पुढच्या वर्षी अण्णांनी दुमजली इमारतीला लिफ्ट बसवली. वयामुळे, असं कारण दिलं. आता ते गाडीतून उतरतात ते लिफ्टमध्ये शिरतात, त्यांना चालताना कुणी बघत नाही.

मी तिला निरोप द्यायला स्टँडवर गेलो, बेळगावी कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊन. आई शेजारी पिशव्यांवर बसली होती. मला बघून पदर सावरत म्हणाली, "सर, भर सभंत मला पाणी आणाय लावलं हिनं. मला वाटलं शिकून येडी झाली."

सुजाताने डबा घेतला. "आयेला आवडतंय," म्हणाली. म्हणजे तिने स्वतःसाठी घेतला नव्हता.

"माझं राहिलंय," मी म्हणालो. हसत म्हणायचं ठरवलं होतं, ते जमलं नाही.

"व्हय."

"मी वाट बघतो."

"बगा," ती म्हणाली, आणि आईचा हात धरून गाडीत चढली.

मी कायम झालो; चावीचं मी कुणाला बोललो नव्हतो, ते अण्णांना पुरलं. पगार वेळेवर यायला लागला. प्रतीक दोन वर्षं कुठेतरी पुण्याला राहून परत आला आणि आमच्याच विभागाचा प्रमुख झाला. माझ्या वर्गाशेजारी प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडे त्याची केबिन आहे. तो मला अजूनही 'सर' म्हणतो, मी त्याला 'प्रतीक सर' म्हणतो. त्याच्याबरोबर व्हरांड्यातून जाताना माझी पावलं त्याच्यासारखी पडतात, हे मला कळतं आणि थांबवता येत नाही.

टपाल आलं की मी आधी पाकिटांची जाडी बघायचो. जाड पाकीट असलं की मी ते आधी टेबलाच्या खणात ठेवायचो, मुलं गेल्यावर उघडायचो. प्रकाशकांचे नमुने, कॅलेंडरं. आपली चाल तिने कशी पकडली असेल याचा मी इतका विचार केला की रस्त्यात दुकानाच्या काचेत स्वतःला बघत चालायला लागलो. झटपट सूड घेतला असता तर एक दिवस लाज वाटली असती आणि संपलं असतं. तिने मला वाट बघायला लावलं. मालकीणबाईंनी भेंड्या निवडल्या त्या एक दिवस. मी वर्षानुवर्षं निवडत होतो.

मध्ये तिची आई गेल्याचं कळलं. मी निपाणीला गेलो नाही. जाऊन कुठल्या तोंडाने बसणार होतो, हे खरं. आणि अण्णांच्या कानावर जाईल असंही वाटलं, हेही खरं.

पाकीट गेल्या उन्हाळ्यात आलं. पत्र नव्हतं. चिमटा लावलेली पत्त्यांएवढी पानं. मी दार लावून घेतलं आणि अंगठ्याने पानं सोडली.

मी चालत नव्हतो. दाराच्या चौकटीला एक हात लावून उभा होतो. पहिल्या पानावर उभा, मधल्या पानावर उभा, शेवटच्या पानावर उभा. आत नाही, बाहेर नाही. मला वाटलं, तिने एक चित्र काढून बाकीच्या झेरॉक्स मारल्या. मनात आलं की इतक्या वर्षांनी मी तेवढ्याच लायकीचा उरलो. मग पान उजेडात धरलं. पेन्सिल होती. दुसरं धरलं, तिसरं धरलं. प्रत्येक पान वेगळं, हाताने काढलेलं. दर वेळी तिने तो हात, ती चौकट, तो खाली पडलेला खांदा नव्याने काढला होता. पुन्हा पानं सोडली तेव्हा दारातला माणूस आतून थरथरत होता. तिला हे मीच शिकवलं होतं. मेलेला दिसू नये म्हणून काय करायचं असतं, ते.

ज्याचं त्याला द्यायचं, ही तिची पद्धत. ते खणात ठेवून मी मोकळा झालो असतो. या जूनमध्ये पहिल्या वर्षाला होल्ड शिकवायची वेळ आली. उदाहरण म्हणून दाखवायला माझ्याकडे त्याहून चांगलं काही नव्हतं, म्हणून मी ते वर्गात नेलं. मुलांच्या हातातून हातात फिरलं. खानापूरकडची एक मुलगी ते परत परत सोडून बघत होती.

"सर, ह्यो माणूस आत जातोय का भायेर येतोय?"

"कुठंच जात नाही."

"का?"

पार्टिशनपलीकडे प्रतीकची खुर्ची वाजली. प्लायवूड पातळ आहे, त्याला शिंक आली तरी आम्हाला ऐकू येते, आणि आमचंही त्याला सगळं जातं. मुलगी चित्राकडे बघत होती, मग माझ्याकडे. मी तेव्हा नेमका वर्गाच्या दाराशी होतो, आणि माझा हात कुठे आहे हे तिच्या नजरेवरून मला कळलं.

"सर, ह्ये तुमीच न्हवं?"

मी चौकटीवरचा हात काढला. वर्गात शिरलो, पार्टिशनजवळच्या बाकावर बसलो.

"व्हय," म्हणालो. आणि कपाटाच्या चावीपासून सांगायला लागलो, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने.